हुल्लुगट्ट्याच्या पाणपोईची चौकशी

बंगळूरहून सव्वीस मैलांवर हुल्लुगट्टे तालुका सुरू होतो आणि झाडे संपतात. पुढे नजर पोहोचेल तिथवर गवत आहे. संस्थानी राजवटीच्या काळात ते सरकारी गुरांसाठी राखलेले कुरण होते. कानडीत त्याला कावल म्हणतात, आणि तिथली जुनी मराठी घरेही कावलच म्हणतात. १९६१ पर्यंत सरकारी गुरे गेली होती, काळविटे थोडी उरली होती, आणि रविवारी मोटार काढून कुठेतरी गेलेच पाहिजे, असे शहरातल्या काही कुटुंबांना वाटू लागले होते. ही गरज ओळखून 'हुल्लुगट्टे विहार समिती' स्थापन झाली. समित्या प्रथम जे करतात तेच तिनेही केले. एक पुस्तिका छापली.

पुस्तिकेत पाहण्यासारखी चार स्थळे दिली होती: मातीचा किल्ला, तीन वीरगळ, तळे आणि 'विहारमंडप'. चामराजपेटेत राहणारे आणि एका महाविद्यालयात इतिहास शिकवणारे जयतीर्थ यांनी ती पेन्सिल हातात घेऊन वाचली. किल्ला बांधल्याचे श्रेय ज्या राजाला दिले होते तो पायाभरणीच्या नव्वद वर्षे आधी वारला होता. वीरगळांवर गुरे सोडवताना पडलेली माणसे कोरलेली आहेत. पुस्तिकेने त्यांना शिकारी केले होते आणि गुरांना हरणे. अशा अकरा चुका जयतीर्थांनी समासात नोंदवल्या. मंडपाविषयीचे वाक्य मात्र चुकांच्या यादीत बसेना. 'ही वास्तू सध्या वापरात नाही. येथे लवकरच उपाहारगृह सुरू होईल.' चूक अज्ञानाने होते. हे वाक्य लिहिणाऱ्याने मंडप पाहिला होता, आणि मंडपात राहणारी गोजराबाईही पाहिली होती.

गोजराबाई साठीची मराठा विधवा. त्या मंडपात राहून ती वाटसरूंना पाणी देत असे. तिच्या आधी तिची सासू देत असे, तिच्या आधी सासूची सासू. असे दोनशे नव्व्याण्णव वर्षे चालले होते. आकडा जयतीर्थांना नेमका ठाऊक होता, कारण मंडपामागचा शिलालेख १९४९ साली त्यांनीच वाचला होता. शके १५८४ मध्ये एका ठाणेदाराच्या तानूबाई नावाच्या आईने कावलातल्या वाटेवर विहीर खणवली, मंडप बांधला आणि आपल्या पदरच्या एका निराधार बाईला दोन शेते देऊन तिथे बसवले. अट एकच घातली. जो येईल त्याला जात न विचारता पाणी द्यायचे. पाणी चालू आहे तोवर विहीर, मंडप आणि शेते तिच्या घराण्यातल्या सुनांची. खाली दान मोडणाऱ्याला नेहमीचे शाप होते. पण शापांना घाबरणारी माणसे समित्यांवर सहसा निवडून येत नाहीत.

समितीचे अध्यक्ष प्रतापराव वकिली सोडून सार्वजनिक कार्यात पडले होते. जयनगरात त्यांनी नवे घर बांधले होते आणि दिवाणखान्यात दोन तलवारी लावल्या होत्या. त्यांना मराठ्यांच्या इतिहासाचा अभिमान होता. कावलावर एका मराठा सरदाराचा अश्वारूढ पुतळा उभारायचा त्यांचा विचार होता. सरदार कोणता, हे अजून ठरायचे होते. त्या इतिहासाला जागा करून देण्यासाठी एक मराठा बाई हलवावी लागणार होती, इतकेच.

जयतीर्थ त्यांच्याकडे गेले आणि शिलालेखाविषयी बोलले. प्रतापरावांनी आदराने ऐकून घेतले, कॉफी देऊ केली, जयतीर्थ बाहेर काही घेत नाहीत हे आठवून दिलगिरी व्यक्त केली, आणि मग टेबलाच्या खणातून १९५१ सालचे एक त्रैमासिक काढले. त्यात जयतीर्थांचा शिलालेखावरचा लेख होता.

"आचार्य, तुमच्या या लेखामुळेच आम्हाला वाट सापडली," ते म्हणाले. "पाणी चालू आहे तोवर जागा तिची, असं तुम्हीच लिहिलंय. मग पाणी खरंच सगळ्यांना चालू आहे का, एवढंच आम्ही अमलदारांना विचारलंय. सरळ गोष्ट आहे."

गोष्ट सरळ होतीच. सरकारदरबारी गोजराबाईच्या नावाचा एकही कागद नव्हता, होता तो दगड. तालुक्याचे अमलदार कृष्णमूर्ती यांनी दगड मान्य केला आणि म्हणून त्यावरची अटही मान्य केली. अट पाळली गेल्याचे सिद्ध झाले तर जागा बाईची, नाही तर समितीची. एप्रिलमध्ये मंडपातच चौकशी ठेवली गेली.

चौकशीच्या आधी जयतीर्थ कलासीपाळ्यमहून बस पकडून गोजराबाईला भेटायला गेले. ती विहिरीकाठची दगडी डोणी घासत होती. तिने हात धुतले आणि नेहमीप्रमाणे विचारले, "पाणी घ्यावं, सामी." नेहमीप्रमाणे त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतला तांब्या दाखवला. घरून भरून आणलेले पाणीच ते पीत. मडी, म्हणजे सोवळे, पाळणाऱ्या घरातला माणूस दुसऱ्याच्या हातचे पाणी घेत नाही, यात त्यांना किंवा तिला नवल वाटण्यासारखे काही नव्हते. "सरी, बरं," ती म्हणाली आणि पुन्हा डोणीकडे वळली.

साक्षीला कोण येईल, असे त्यांनी विचारले. सगळा गाव येईल, ती म्हणाली. गावाची गुरे याच डोणीवर पितात, त्यामुळे गावाची साक्ष पक्षपाती ठरेल, हे त्यांनी समजावून सांगितले. बाहेरचा, शिकलेला, जागेत काही स्वार्थ नसलेला माणूस हवा.

"मग तुम्ही हायत की, सामी," गोजराबाई म्हणाली. "बारा वर्सं येताय."

ते येतो म्हणाले. रात्री त्यांनी आपली डायरी काढून भेटी मोजल्या. बावीस भरल्या. इतकी नेमकी साक्ष अमलदारांनी क्वचितच ऐकली असेल, असे त्यांना वाटले.

चौकशीच्या दिवशी ऊन कडक होते. मंडपात घडीच्या खुर्चीवर कृष्णमूर्ती बसले, शेजारी कारकून, समोर जमिनीवर गाव. गुराखी, गाडीवान, बाजाराला जाणाऱ्या बायका, सगळ्यांनी पाणी मिळते म्हणून सांगितले. गावाबाहेर राहणाऱ्या वस्तीतल्या दोघांनी सांगितले की त्यांनाही त्याच पितळी झारीने, तेवढ्याच उंचीवरून, ओंजळीत पाणी मिळते. कारकुनाने सगळे लिहून घेतले. प्रतापरावांनी गावकऱ्यांना एकही प्रश्न विचारला नाही. जयतीर्थ उभे राहिले तेव्हा मात्र ते पुढे आले. विचारणे कानडीत झाले, उत्तरेही कानडीत.

"बारा वर्षांत आपण इथे किती वेळा आलात?"

"बावीस."

"बाईंनी आपल्याला पाणी विचारलं?"

"दरवेळी."

"किती वेळा प्यायलात?"

जयतीर्थांना प्रश्न समजला होता. समजायला बारा वर्षे उशीर झाला होता, एवढेच.

"एकदाही नाही."

प्रतापरावांनी त्रैमासिक उघडले आणि लेखाचे शेवटचे वाक्य सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून वाचले. 'उच्चवर्णीय प्रवासी या पाणपोईचा लाभ घेत नसत, व आजही घेत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे.' मग त्यांनी अमलदारांकडे वळून विचारले, की ज्या पाणपोईचे पाणी सभ्य माणूस पीत नाही ती सगळ्यांसाठी चालू आहे, असे कसे म्हणायचे?

ते वाक्य जयतीर्थांनी का लिहिले होते, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या आठवले. लेखाचा शेवट जरा उघडा वाटत होता. निरीक्षण म्हणून जे नोंदवले ते एका माणसाचे होते, आणि तो माणूस स्वतः लेखकच होता. दुसऱ्या कोणाला विचारायची गरज त्यांना भासली नव्हती. शिलालेखातल्या झिजलेल्या एका अक्षरासाठी त्यांनी तीन वेळा ठसे घेतले होते.

खोटे बोलायचे नव्हते आणि खरे बोलून झाले होते. कृष्णमूर्तींनी कपाळ पुसले, आपल्या थर्मासमधले पाणी प्यायले, आणि चौकशी तीन आठवडे तहकूब केली. तोवर बाहेरचा, प्रतिष्ठित, प्रत्यक्ष पाणी प्यायलेला साक्षीदार मिळाला तर हजर करावा. न मिळाल्यास जागा समितीकडे जाईल. गोजराबाईने हे दुसऱ्याकडून समजून घेतले. तेवढ्यात एक गाडीवान आला होता, त्याला पाणी द्यायला ती उठली.

जयतीर्थांचा राग तापट माणसाचा नव्हता. तो यादी करणाऱ्याचा होता. घरी येऊन त्यांनी यादी केली. १९५३ च्या कार्तिकात, त्यांच्या घराखेरीज, चामराजपेटेतली आठ मराठी घरे आवळीखालच्या वनभोजनासाठी कावलावर गेली होती. मंडपाच्या मागेच आवळीची दहा-बारा झाडे आहेत. चाळीस माणसे, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. कोणीतरी प्यायलेच असणार.

प्रथम ते सहलीचे पुढारी असलेल्या चुलतभावाकडे, हयवदनअण्णांकडे गेले. अण्णांना प्रश्नच अपमानास्पद वाटला. दोन मोठ्या घागरी भरून नेल्या होत्या, हे त्यांना पक्के आठवत होते. सहलीला आलेल्या दुसऱ्या घरच्या प्राणेशला घागरीही आठवत होत्या आणि त्यांवरची फडकीही. आठ घरांतून आठ नकार आले. चाळीस माणसांनी त्या कोरड्या गवतात दिवसभर पुळियोगरे म्हणजे चिंचेचा भात, तळण आणि मिठाईचे जेवण केले, आणि दोन घागरींनी सगळ्यांची तहान भागवली, हा चमत्कार आठही घरांनी सारख्याच शब्दांत सांगितला.

जयतीर्थांची बायको वसुमती यादी संपेपर्यंत ही धावपळ पाहत होती. शेवटच्या घरून ते परतले तेव्हा ती वाती वळत होती.

"आठ घरी गेलात. विचारलंत कुणाला?"

त्यांनी नावे सांगितली.

"म्हणजे पुरुषांना," ती म्हणाली. हातातली वात पुरी करून तिने पुढचे सांगितले. त्या दिवशी बसमधून उतरवताना एक घागर चिरली होती. राहिलेल्या घागरीतले पाणी नैवेद्याच्या स्वयंपाकाला आणि पुरुषांच्या पंगतीला गेले. पंगत उठली आणि पुरुष वीरगळ बघायला निघाले, कारण जयतीर्थ त्यांना ते समजावून देणार होते. बायकांनी आपली पाने मांडली तेव्हा घागरीच्या तळाशी ओला गाळ होता.

"आम्ही सात जणी होतो. मंडपात गेलो, प्यायलो, येऊन जेवलो."

"आई होती ना बरोबर?" जयतीर्थांनी विचारले. त्यांच्या आईची, अहल्याबाईंची मडी सगळ्या पेटेत प्रसिद्ध होती. भाजी धुतली की नाही यावरून त्यांनी एकदा मठाच्या स्वयंपाक्याला रडवले होते. चार वर्षांपूर्वी त्या वारल्या.

"त्याच पहिल्यांदा प्यायल्या. वाहत्या झऱ्याची विहीर आहे, धार वरून आहे, दोष लागला तर घरी जाऊन डोक्यावरून नाहू, म्हणाल्या. आणि पुरुषांना सांगायची गरज नाही, हेही त्याच म्हणाल्या."

जयतीर्थ मग, संशोधकाच्या सवयीने, पुरावा कितपत टिकेल ते पाहू लागले. साक्षीदाराच्या बायकोची साक्ष दुबळी, ते म्हणाले.

"मी एकटी कुठे म्हणतेय? सातांतल्या दोघी गेल्या. पाच आहोत."

बाकीच्यांकडे आपणही येतो, असे त्यांनी सुचवले. नको, ती म्हणाली. तुम्ही आलात की त्या आत जातील आणि बाहेर पुन्हा अण्णाच बसलेले असतील.

चार दिवस ती दुपारी बाहेर जात राहिली. त्या त्या घरच्या स्वयंपाकघरात काय बोलणे झाले ते तिने सांगितले नाही. पण पाचव्या दिवशी हयवदनअण्णा छत्री आपटत आले. त्यांची बायको अनुसूया बसचे वेळापत्रक विचारत होती. मठाच्या चातुर्मासातल्या पंगतींना मडीचा स्वयंपाक करायला याच बायका बोलावल्या जात. बाहेर मराठ्याच्या हातचे पाणी प्यायल्याचे सरकारी कागदावर आले तर कोण बोलावणार? अण्णांचे म्हणणे एवढेच होते, आणि ते खोटे नव्हते.

"जयण्णा, तू दगड वाचतोस, ते वाच," ते म्हणाले. "माणसांच्या घरातलं कशाला वाचायला घेतलंस?"

"मी वाचलं नाही, अण्णा. ते मला वाचून दाखवलं गेलं."

अण्णा उठून गेले. त्यानंतर दोघींनी येणार नसल्याचे कळवले. एकीने मुलाच्या नोकरीचे कारण दिले, दुसरीने काहीच दिले नाही.

दुसऱ्या चौकशीला बसमधून तिघी उतरल्या: वसुमती, अनुसूया आणि सत्तरीच्या कृष्णाबाई. कृष्णाबाई लाल आलवणात होत्या आणि ऊन लागू नये म्हणून पदरावर ओला पंचा घेऊन आल्या होत्या. हयवदनअण्णाही त्याच बसने आले होते, पण ते आवळीखाली छत्री उघडून उभे राहिले, मंडपात आले नाहीत.

वसुमतीने सांगितले. प्रतापरावांनी तिला जयतीर्थांची बायको म्हणून सोडून दिले, नोंद घ्यावी एवढेच म्हणाले. कृष्णाबाईंनी आपण तीन ओंजळी प्यायल्याचे सांगितले. हे इतकी वर्षे कुणाला का सांगितले नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, की विचारले नाही कुणी. मग अनुसूया उभी राहिली.

"आपण मोठ्या घरच्या," प्रतापराव सौम्यपणे म्हणाले. "दोन-तीन तास पाण्यावाचून काढता आले नसते?"

"तुमची पंगत उठल्यावर आम्ही जेवतो," अनुसूया म्हणाली. "उरलेला भात कोरडा गिळून दाखवा, मग विचारा."

कारकुनाने मान खाली घातली. गाव हसले. कृष्णमूर्तींनी हात वर करून हसणे थांबवले, पण स्वतःची पेन्सिल थोडा वेळ तोंडावर धरली.

"तेव्हा पुरुष मंडळी कुठे होती? कुणीच पाहिलं नाही?"

"ती दगड वाचत होती."

जयतीर्थांनी खाली पाहिले. त्या दिवशीचे त्यांचे व्याख्यान दीड तास चालले होते. डायरीत तशी नोंद होती, आणि श्रोत्यांनी ते लक्ष देऊन ऐकल्याचीही.

प्रतापराव चांगले वकील होते. त्यांनी शेवटचा प्रश्न गोजराबाईसाठी राखून ठेवला होता. या तिघींना तिने ओळखावे. आठ वर्षांपूर्वी चामराजपेटेतल्या सात ब्राह्मण बायका तिच्या दारात येऊन पाणी प्यायल्या असतील, तर असा प्रसंग ती विसरेल कशी? जयतीर्थांना वाटले, आता ती हो म्हणेल. म्हणावे, असेही वाटले. ज्या सत्यासाठी ते स्वतः बावीस भेटी घालवून बसले होते, त्याची किंमत आता दुसऱ्याने मोजू नये, असे त्यांना प्रथमच वाटले.

गोजराबाईने तिघींकडे एकेक करून पाहिले.

"नाही ओळखत," ती म्हणाली. "रोज माणसं येतात. तोंडं बघत बसले तर धार हातावर राहत नाही."

प्रतापरावांनी मान लववली आणि ते बसले. त्यांच्या दृष्टीने काम झाले होते. परतीच्या बसमध्ये हयवदनअण्णा पुढच्या बाकावर बसले होते. चामराजपेट आल्यावर त्यांनी अनुसूयेची पिशवी उचलली आणि तिच्या पुढे चालू लागले. ती तिच्या चालीने मागून गेली.

निकाल जूनमध्ये आला. तो तीन पानांचा होता. कृष्णमूर्तींनी लिहिले होते, की पहिल्या साक्षीदाराची, म्हणजे जयतीर्थांची साक्ष प्रामाणिक असली तरी निरुपयोगी आहे. स्त्री साक्षीदारांनी स्वतःच्या सामाजिक नुकसानीची जाणीव असूनही साक्ष दिली, म्हणून ती विश्वासार्ह आहे. आणि गोजराबाईने त्यांना ओळखले नाही, हीच अट पाळली गेल्याची सर्वांत भक्कम खूण मानावी लागते. कोण आले हे तिने पाहिलेच नव्हते. विहीर, मंडप आणि शेते तिच्याकडे राहतील. समितीने उपाहारगृह तळ्याकाठी बांधावे.

न ओळखण्याविषयीचे ते वाक्य जयतीर्थांनी दोनदा वाचले. आपल्या लेखात ते असायला हवे होते. लिहिले मात्र एका अमलदाराने, एका दुपारी, दगड न वाचता.

त्या वर्षी चातुर्मासात मठाच्या स्वयंपाकाला तिघींपैकी कुणालाच बोलावणे आले नाही. वसुमतीने एवढेच म्हटले, की एकोणीस वर्षे चुलीसमोर काढली, आता बसून जेवायला हरकत नाही. पण पंगतीलाही बोलावणे आले नाही. कृष्णाबाईंना ते फार लागले. शेजारीण म्हणून वसुमती रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसू लागली. याची भरपाई कुठल्याही आदेशात नव्हती, आणि जयतीर्थांकडेही नव्हती.

त्याआधी, जूनअखेरीस, आदेशाची नक्कल गोजराबाईला नेऊन द्यायला जयतीर्थ स्वतः गेले होते. पाऊस लांबला होता, गवत अजून पिवळेच होते. मंडपात बसून ते कानडीतला मजकूर तिला मराठीत सांगू लागले. पहिल्या पानाच्या मध्यावर तिने विचारले, की जागा राहिली का. राहिली, ते म्हणाले. तिने मान हलवली. दुसऱ्या पानाला त्यांनी सुरुवात केली तेव्हा ती उठून उभी राहिली होती. तळ्याचे पाणी आटून खारट झाले होते, आणि समितीच्या उपाहारगृहाचा पाया खणणारे सहा मजूर ओळीने मंडपाबाहेर उभे होते. राहिलेली दोन पाने मग वाचू, असे सांगून ती झारी भरायला गेली.